सोनखताचं काय झालं?

मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा गोव्यातल्या मुलांना जायला दोनच ठिकाणं असायची, एक आजोळ आणि दुसरं बेळगांव. वास्कोहून मीटरगेजची गाडी, वाटेत दूधसागर, मग लोंढ्याला उतरून दुसरी गाडी. बेळगांवात कॅम्पात माझ्या मावशीचं बिऱ्हाड होतं. तिच्या यजमानांची नोकरी मिलिटरीच्या हिशेबखात्यात. मंगळुरी कौलांचं बैठं घर, पुढे मोठं अंगण, आणि मागे एक अरुंद बोळ. त्या बोळात घराच्या मागच्या भिंतीला, अगदी घोट्याच्या उंचीवर, एक छोटंसं लोखंडी दार होतं. गंजलेलं, कडी घातलेलं. मांजराच्या येण्याजाण्यासाठी असेल असं मला वाटायचं. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "ते दार बघायचं नाही."

बघायचं नाही म्हटल्यावर ते दार डोक्यात राहिलं. पुढे कळलं की ती टोपलीच्या संडासाची खिडकी. आत घरातली माणसं, बाहेर बोळात टोपली ओढून घेणारा माणूस, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहू नये म्हणून केलेली ही योजना. मी पाहिलं तेव्हा ते वापरात नव्हतं, अंगणाच्या कोपऱ्यात सेप्टिक टाकी आली होती आणि तिच्या कडेला पेरूचं एक झाड बेसुमार वाढलं होतं.

त्या दारातून काय बाहेर जात होतं, कुठे जात होतं, आणि आता कुठे जातं, एवढाच आजचा विषय आहे. जेवणाआधी वाचू नये अशी सूचना करून पुढे जातो.

बेळगांवचा किल्ला इंग्रजांनी १८१८ च्या एप्रिलमध्ये घेतला आणि १८३२ साली तिथे कायमची छावणी बसली. आपण जिला सहज 'कॅम्प' म्हणतो ती ही छावणी. थंड हवा, लाल माती, गोवा आणि कोल्हापूर दोन्हीवर नजर ठेवता येईल अशी जागा. पण छावणी बसवली की हजारो माणसं एका जागी राहणार, खाणार, आणि त्याचा निचरा व्हायला हवा. तो होत नव्हता. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली आला. त्यात दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला ६९ मृत्यू असा आकडा होता, आणि त्यातले बहुतेक लढाईत नव्हे, तर पटकी, हगवण आणि तापाने. ठाण्याठाण्यांना छापील प्रश्नावली गेली होती: पाणी कुठून येतं, मोऱ्या कुठे जातात, संडास कसे आहेत. आलेल्या उत्तरांवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी असा काही चाबूक ओढला की सरकारला हलावंच लागलं.

हललं म्हणजे काय झालं? छावण्यांत आणि तुरुंगांत 'कोरड्या मातीची' पद्धत आली. हेन्री मूल नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने १८६० साली तिचं पेटंट घेतलं होतं. पाण्याऐवजी वरून कोरडी चाळलेली माती टाकायची. वास जातो, माश्या बसत नाहीत, आणि काही आठवड्यांनी मैला मातीत ओळखू येईनासा होतो. मग तो गाडीत भरून वस्तीबाहेर न्यायचा, उथळ चरांत पुरायचा, आणि त्या जमिनीवर पीक घ्यायचं.

आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मराठीत त्या खताला आधीपासूनच नाव होतं, सोनखत. पुण्याच्या आसपासच्या उसाला ते पडत होतं आणि नगरपालिका ते विकत होती. गोव्यातही आपण फार वेगळे नव्हतो. डुकरांचे संडास माझ्या पिढीने पाहिले आहेत, आणि माडाच्या आळ्यात खारवलेल्या तारल्या पुरणं हे तर आपल्याकडे शास्त्रच. एकूण नियम असा, की जे जमिनीतून आलं ते जमिनीत परत जावं. 'सोनं' हा शब्द मात्र खताला लागला, ते वाहणाऱ्या हातांना कधी लागला नाही. टोपली उचलणारी जात ठरलेली होती. छावणीच्या कागदपत्रांत तिच्यासाठी 'कॉन्झर्व्हन्सी' असा सभ्य शब्द होता, एवढाच फरक.

आता या सोन्यात सोनं कोणतं? तर नायट्रोजन. डाळ, मासळी, दूध यांतून जी प्रथिनं पोटात जातात त्यांतला नायट्रोजन शरीर वापरतं आणि बाहेर टाकतं. माणशी दिवसाला साधारण १० ग्रॅम, आणि त्यातला मोठा हिस्सा लघवीवाटे. मूत्रात तो युरियाच्या रूपात असतो. होय, तोच युरिया, जो शेतकरी गोणीने विकत आणतो. मातीतले जिवाणू युरियाचा अमोनिया करतात (मुतारीचा तो डोळ्यांत झोंबणारा वास त्याचाच) आणि पुढे अमोनियाचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि झाडाच्या मुळांना सगळ्यात सहज मिळतं.

हे नायट्रेट माणसाने पहिल्यांदा ओळखलं ते शेतासाठी नाही, बंदुकीसाठी. जुन्या गोठ्यांच्या जमिनीवर, मातीच्या भिंतींच्या पायाशी उन्हाळ्यात पांढरी बुरशीसारखी खार उमटते. ती माती धुवायची, पाणी आटवायचं, की सोरा हाती लागतो. सोऱ्याशिवाय दारू नाही, आणि दारूशिवाय तोफ नाही. १५४७ साली पोर्तुगीजांनी विजयनगरशी जो तह केला त्यात घोड्यांच्या बरोबरीने सोरा आणि लोखंड यांचीही कलमं आहेत. गोव्यात पाणेलीला दारूचा कारखाना होता, म्हणजे सोरा त्यांना सतत लागत होता आणि तो इथल्या मातीत मुबलक मिळत नव्हता. घाटावरच्या कोरड्या हवेत तो तयार होई. दख्खनच्या गोठ्यांतलं गोमूत्र, त्यावर राबणारे न दिसणारे जिवाणू, आणि शेवटी मांडवीच्या तोंडावरून सुटणारा तोफगोळा! बेळगांवच्या किल्ल्यावर १८१८ मध्ये दोन्ही बाजूंनी जी दारू उडाली तीही याच कुळातली.

पण सोरा काढणाऱ्याला जिवाणू ठाऊक नव्हते. ते ठाऊक झाले १८७७ साली, पॅरिसमध्ये, आणि तेही सांडपाण्यावरून. श्लोझिंग आणि म्युन्झ या दोघांनी एका लांब नळीत वाळू आणि चुन्याची माती भरली आणि वरून गटाराचं पाणी थेंबथेंब सोडलं. २० दिवस खालून जसंच्या तसं अमोनियाचं पाणी येत राहिलं. मग एकाएकी अमोनिया कमी होऊन नायट्रेट येऊ लागलं. रसायनाची क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवस लागले, कारण कोणीतरी आत वाढत होतं. खात्री करायला त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट थांबलं. ताज्या मातीचं धुवण ओतलं, पुन्हा सुरू झालं. विज्ञानाच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका देखणा प्रयोग क्वचित सापडतो.

हे जिवाणू वेगळे काढायला मात्र आणखी तेरा वर्षं गेली. सगळे लोक त्यांना मटणाच्या रश्श्यावर वाढवायला बघत, आणि ते रश्श्यावर वाढतच नसत. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली ओळखलं की यांना रस्सा नकोच, यांचं पोट अमोनियावर भरतं. अमोनियाचं नायट्राइट करणारे एक, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे. अत्यंत सावकाश वाढणारे जीव. आतड्यातला जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना एक दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा अर्धा भाग बोर्डो शहरात सापडला. गेयाँ आणि द्युपेती यांनी १८८२ पासून दाखवून दिलं की काही जिवाणू याच्या बरोबर उलट वागतात. हवा मिळेनाशी झाली की ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन बुडबुड्यांनी हवेत निघून जातो. त्या काळच्या शेतीशास्त्राने यांना चोर ठरवलं. शेतकऱ्याचं खत फुकट हवेत घालवणारे! आज सांडपाण्याचा इंजिनियर याच चोरांना पगारी नोकर ठेवतो. जीव तेच, पण जमिनीत त्यांना शिव्या आणि टाकीत मान.

मावशीच्या अंगणातल्या सेप्टिक टाकीकडे आता वळूया. ही टाकी १८९० च्या दशकात इंग्लंडातल्या एक्सेटर शहरात नावारूपाला आली आणि लगेच मुंबईला पोचली. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ साली अशा टाकीतला वायू दिव्यांसाठी वापरला गेला, याचा उल्लेख गोबरगॅसच्या इतिहासात हमखास सापडतो. हा आश्रम १८९० साली उभा करणारे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर म्हणजे हॅरी ॲकवर्थ. हो, तेच ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१ साली मराठी पोवाड्यांचा संग्रह छापला. सकाळी गटारांची कागदपत्रं आणि संध्याकाळी तानाजीचा पोवाडा! असे अधिकारी नंतर फार झाले नाहीत.

सेप्टिक टाकीने टोपली घालवली, हे तिचं मोठं पुण्य. पण नायट्रोजनच्या बाबतीत ती काहीच करत नाही. टाकीत हवा नसते, म्हणून अमोनियाचं नायट्रेट होत नाही. नायट्रेटच नाही तर ते हवेत सोडणाऱ्यांना काम नाही. टाकीतून अमोनियाचं पाणी बाहेर पडतं, शोषखड्ड्यातून मातीत मुरतं, तिथे हवा मिळाली की त्याचं नायट्रेट होतं, आणि ते सरळ खालच्या पाण्याला जाऊन मिळतं. म्हणजे विहिरीला. मावशीची विहीर टाकीपासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि तेवढ्या अंतराने सगळं भागलं अशी सगळ्यांची समजूत होती. रोगजंतू मातीत गाळले जातात हे बरंचसं खरं. नायट्रेट गाळलं जात नाही. ते पाण्याबरोबर चालत राहतं. वासही नाही, चवही नाही. नायट्रेटचं पाणी घालून दूध कालवलेली तान्ही मुलं निळी पडतात हे १९४५ साली अमेरिकेत एका डॉक्टरने विहिरींशी जोडून दाखवलं, तोवर त्या दिशेने कोणी फारसं पाहिलंच नव्हतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे. पेरूचं झाड का बेसुमार वाढलं होतं ते मात्र कोणी न सांगताही कळतं.

कॅम्पापासून हाकेच्या अंतरावर, टिळकवाडीच्या बाजूला, १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन, त्यामुळे बेळगांवकर त्याचा अभिमान बाळगतात आणि तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर पाहुण्याला दाखवतात. मला त्या अधिवेशनातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. संडास सफाईचं काम काका कालेलकरांनी अंगावर घेतलं होतं, आणि त्यांच्या हाताखालचे स्वयंसेवक बरेचसे ब्राह्मण होते. बेळगुंदीशी घरचं नातं असलेला, पुढे हिंडलग्याच्या तुरुंगात राहून त्यावर पुस्तक लिहिणारा हा माणूस, बेळगांवच्याच मातीत चर खणून मैला झाकत होता. छावणीत हेच काम साठ वर्षं चाललं होतं, त्याच मातीने. फक्त खोऱ्याला हात दुसरे लागले. पुढे कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरीत तोच धागा पकडला, दोन खणांचा संडास आणि त्याचं सोनखत. पण कॅम्पाच्या बोळातली ती छोटी दारं त्यानंतरही कितीतरी वर्षं उघडझाप करत राहिली. कर्नाटकात डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी आली ती सत्तरच्या दशकात, बसवलिंगप्पा मंत्री असताना. देशभराचा कायदा यायला १९९३ उजाडलं आणि तो पुरेसा नव्हता म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

आता थोडं मँचेस्टरला जाऊ, कारण तिथून एक माणूस आपल्या बाजूला येणार आहे. १९१४ च्या एप्रिलमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी तिथे एक निबंध वाचला. बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडत राहिलं तर सगळ्या अमोनियाचं नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागतात. पण त्यांनी युक्ती केली. तळाशी बसलेला गाळ फेकला नाही. वरचं पाणी ओतून टाकलं, त्याच गाळावर नवं सांडपाणी घातलं, पुन्हा हवा सोडली. असं करता करता पाच आठवड्यांचं काम एका दिवसावर, आणि मग काही तासांवर आलं. वर सांगितलेले ते सावकाश वाढणारे जिवाणू गाळात साठत गेले, एवढंच त्यातलं गुपित. ज्याला नवं पीठ लवकर आंबवायचं असतं तो जुन्या पिठातलं थोडं मागे ठेवतो, तसंच. आज जगभर शहरांचं सांडपाणी शुद्ध होतं ते बहुतांश याच पद्धतीने.

त्या दोघांना ही दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बेंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक होऊन आले. त्यांच्या आयुष्यातली गंमत पाहा. विलायतेत त्यांचं काम म्हणजे सांडपाण्यातली घाण कशी घालवायची. इथे येऊन त्यांनी शेतं पाहिली, खतासाठी आसुसलेली माती पाहिली, आणि १९३४ साली पुस्तक लिहिलं ते नायट्रोजन जपून कसा ठेवावा यावर. त्याच सुमारास इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड (आडनाव आपल्याला परकं नाही) काडीकचरा आणि शेण कुजवून कंपोस्टची पद्धत बसवत होते. म्हणजे या देशात राहिलेल्या शास्त्रज्ञांना नायट्रोजन काढून टाकण्यापेक्षा तो राखणं शहाणपणाचं वाटलं. माझा कौल त्यांच्याच बाजूने पडतो. पण ते टिकलं नाही, आणि का टिकलं नाही ते पाहायला पाहिजे.

मँचेस्टरच्या निबंधाच्या आदल्याच वर्षी, १९१३ साली, जर्मनीत ओपाऊला हवेतला नायट्रोजन ओढून अमोनिया करणारा पहिला कारखाना सुरू झाला होता. खत कारखान्यातून येऊ लागलं. पांढरं, कोरडं, गोणीत भरलेलं, जात नसलेलं. सोनखताची टोपली कोण उचलणार हा प्रश्न ज्या समाजाने कधी नीट सोडवला नाही, त्याला ही गोणी देवाने धाडल्यासारखी वाटली तर नवल नाही. गोव्यात १९७३ साली झुआरीनगरला असाच कारखाना सुरू झाला आणि युरियाच्या गोण्या घाटावर जाऊ लागल्या. तो आधी नाफ्थ्यावर चालायचा. पुढे २०१३ च्या सुमारास गोकाकहून गोव्याकडे आलेल्या वाहिनीतला नैसर्गिक वायू त्याला मिळू लागला. बेळगांव जिल्ह्यातून वायू खाली यायचा आणि गोव्यातून युरिया वर जायचा. देवघेव बरोबर आहे.

आणि गटारातला नायट्रोजन? तो आता सोनं राहिला नव्हता, कटकट झाला होता. नदीत, तळ्यात गेला की शेवाळ आणि जलपर्णी माजते, अमोनियाने मासे मरतात. तेव्हा इंजिनियरांनी १९६० च्या दशकापासून बोर्डोच्या त्या चोरांना कामाला लावलं. दोन पाळ्या करायच्या. एका टाकीत हवा भरपूर: तिथे अमोनियाचं नायट्रेट. दुसरीत हवा बंद: तिथे दुसरे जिवाणू नायट्रेट फोडून नायट्रोजन हवेत सोडतात. यांना खायला मात्र लागतं, आणि ते अन्न ताज्या सांडपाण्यात असतं. म्हणून हवेच्या टाकीतलं नायट्रेटचं पाणी फिरवून पुन्हा सुरुवातीच्या टाकीत आणायचं, अशी खुबी. दक्षिण आफ्रिकेत जेम्स बार्नार्ड यांनी सत्तरच्या दशकात ती पक्की बसवली. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात तर असे जिवाणू सापडले जे अमोनिया आणि नायट्राइट यांची गाठ घालून सरळ नायट्रोजन करतात, अधली निम्मी यातायात वाचवून. असे जीव असायला हवेत असं एका ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९७७ साली नुसत्या गणिताने सांगून ठेवलं होतं. रॉटरडॅमला २००२ पासून ते मोठ्या टाकीत राबताहेत.

पणजीकरांनी यासाठी रॉटरडॅमला जायला नको. टोंकला, करंजाळ्याच्या वाटेवर, २००५ च्या सुमारास जे शुद्धीकरण केंद्र आलं त्यात एकाच टाकीत दोन्ही पाळ्या चालतात. टाकी भरते, हवा सुटते, हवा बंद होते, गाळ बसतो, वरचं पाणी निघतं, पुन्हा भरते. ओळख पटली ना? आर्डर्न आणि लॉकेटची बाटली! मध्ये नव्वद वर्षं गेली, झडपा संगणकावर आल्या, पण गाळ न फेकण्याची युक्ती तीच.

हिशेब मात्र करून पाहावा. बेळगांव शहराची वस्ती धरा पाच लाख. माणशी १० ग्रॅम म्हणजे दिवसाला ५ टन नायट्रोजन. युरियात नायट्रोजन ४६ टक्के, तेव्हा हा झाला जवळजवळ ११ टन युरिया, ४५ किलोच्या सुमारे २४० गोण्या. रोज. एक ग्रॅम अमोनियाच्या नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो, आणि तो पाण्यात भरायला वीज लागते. अशा केंद्राच्या विजेचा मोठा वाटा या पंपांनाच जातो. म्हणजे एका कारखान्यात वायू जाळून हवेतला नायट्रोजन खाली आणायचा आणि दुसऱ्या कारखान्यात वीज जाळून तो परत वर धाडायचा. मधल्या वाटेत आपण आणि आपलं जेवण.

पण हा हिशेब मांडून मी जिवाणूंच्या टाकीला विरोध करतो असं कोणी समजू नये. कारण टाकी नसली तर काय होतं, ते बेळगांवात दिसतं.

येळ्ळूर, शहापूर, वडगाव, हलगा या शिवारांतून बळ्ळारी नाला जातो. एके काळी हा शेतीचा नाला. शहापूर-वडगावच्या शिवारातला बासमती प्रसिद्ध होता, आणि या नाल्याकाठच्या गाळाची त्यात कमाई होती. वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी त्यात आलं. पावसाळ्यात नाला फुगून भातात शिरतो आणि उन्हाळ्यात तेच पाणी पंपाने भाजीला लागतं. शेतकरी दोन्ही बाजूंनी बोलतो. खत घालावं लागत नाही, हेही खरं. आणि भात माजतं, हिरवंगार वाढून आडवं पडतं, दाणा पोचट भरतो, हेही खरं. सोनखत चरात पुरून सहा महिने ठेवायचं असतं, ते ताजं आणि हवं तेवढं नाही तर येईल तेवढं घ्यायचं नसतं. सोनखत द्यायचं किती हे शेतकरी ठरवी. नाल्याचं किती येणार ते शहर ठरवतं.

शुद्धीकरण केंद्र हलग्याला उभारायचं ठरलं तेव्हा त्यासाठी पिकती जमीन लागली आणि २०१९ साली शेतकरी आडवे आले. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आधी शहराची घाण त्यांच्या शेतात आली, मग ती घाण शुद्ध करायला त्यांचंच शेत मागितलं. छावणीच्या काळीही चर खणायची जागा गावाबाहेरच्या कोणाची तरी असायची.

केंद्र कुठलंही असो, त्याने नायट्रोजन काढायलाच हवा की नाही, हेही आपल्याकडे धड ठरलेलं नव्हतं. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मसुद्यात शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमहून जास्त नायट्रोजन नसावा असं होतं. २०१७ ची पक्की अधिसूचना आली तेव्हा तो रकानाच गळाला होता. हरित लवादाने २०१९ मध्ये कडक मर्यादा पुन्हा पुढे आणली. वास, गाळ, रोगजंतू हे सगळ्यांना समजतं. नायट्रेट दिसत नाही, म्हणून ते फायलीतूनही सहज गळतं.

गोव्याने याची काळजी का करावी? म्हादईच्या पाण्यासाठी आपण बेळगांवकडे डोळे लावून बसतो. त्या पाण्याची वाट पश्चिमेची. बळ्ळारी नाल्याचं पाणी मात्र मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा असं पूर्वेच्या समुद्राला जातं. नदीवाटे ते आपल्याकडे येत नाही. येते ती भाजी. रोज पहाटे चोर्ल्याच्या घाटातून टेंपो उतरतात आणि म्हापशापासून काणकोणापर्यंत आपली चूल त्यांच्यावर पेटते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवरही तीच. सगळी भाजी नाल्याकाठची नसते, हे उघड आहे. कुठली कुठली ते मात्र जुडीवर लिहिलेलं नसतं, आणि नायट्रेट सगळ्यात जास्त साठवतात त्या पालेभाज्याच.

मावशीचं ते घर आता दुसऱ्या कुणाकडे आहे. मागे कॅम्पात गेलो तेव्हा बोळात डोकावलो. लोखंडी दार नाही, तिथे सिमेंटचा चौकोन आहे, बाकीच्या भिंतीहून थोडा फिकट. पेरूचं झाड आहे. विहिरीवर जाळी टाकलेली.

काल पणजीच्या बाजारात पालकाची जुडी उचलली. भाजीवाली म्हणाली, "ताजी आसा, आयज फांतोडेर बेळगांवसून आयल्या." दोन घेतल्या. घरी येऊन तीन पाण्यांनी धुतल्या. पानात गेलेलं नायट्रेट धुऊन जात नाही हे ठाऊक असूनही.